आरशावरचा पातळ लेप आणि उष्णतेचा गोंगाट: लायगोसमोरची अडचण

लायगोचे मुख्य आरसे प्रत्येकी 40 किलोचे, अतिशुद्ध सिलिका काचेचे. पण 100 हर्ट्झच्या आसपास जो गोंगाट नडतो, त्यातला मोठा वाटा या काचेचा नाही. तो तिच्यावरच्या काही मायक्रॉन जाडीच्या लेपाचा आहे.

हा लेप म्हणजे सिलिका आणि टँटलम ऑक्साइडचे आलटूनपालटून दिलेले थर. प्रत्येक थर थोडा प्रकाश परतवतो आणि सगळे मिळून जवळपास पूर्ण लेसर परततो. आता गंमत बघा. खोलीच्या तापमानाला अणू सतत थरथरतात, त्यामुळे आरशाचा पृष्ठभागही हलतो. लेसरला वाटतं, 4 किलोमीटरच्या भुजेची लांबीच बदलली. आणि मोजायचाय तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान!

मग लेपच का नडतो? देवळातली पितळी घंटा वाजवली की बराच वेळ घुमते; मातीचं मडकं 'थप्प' करून गप्प. मडक्यात अंतर्गत घर्षण जास्त. कॅलन आणि वेल्टन यांनी 1951 मध्ये मांडलेला नियम सांगतो की घर्षण आणि थरथर यांची जोडी आहे. घर्षण कमी केलं म्हणून उष्णतेची ऊर्जा नाहीशी होत नाही, पण ती ठरावीक स्वरांपाशी गोळा होते आणि मधला पट्टा शांत राहतो. सिलिका काच घंटेसारखी आहे. टँटलम ऑक्साइडचं घर्षण तिच्या हजारो पट.

उपाय काय? लेसरचा ठिपका मोठा केला की थरथरीची सरासरी निघते, पण त्याला आरसाही मोठा लागतो. थंड करणं सोपं वाटतं (मलाही सर्व्हर रूमचा एसी आठवला), पण थंडीत या लेपांचं घर्षण उलट वाढू शकतं. जपानच्या काग्रात नीलमण्याचे आरसे सुमारे 20 केल्विनवर वापरण्याची योजना आहे, तरी लेपाचा प्रश्न उरतोच.

म्हणून खरी लढाई पदार्थाची. आत्ताच्या लायगोत टँटलम ऑक्साइडमध्ये टायटॅनियम ऑक्साइड मिसळतात. 2013 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकी लेपात घर्षण सुमारे दहापट कमी दिसलं. मात्र तो वेगळ्या चकतीवर वाढवून मग आरशावर चिकटवावा लागतो, आणि एवढ्या मोठ्या आकारात ते अवघड आहे. 2021 मध्ये टायटॅनियम-जर्मेनियम ऑक्साइडचं मिश्रण पुढे आलं. माझ्या मते हा जास्त व्यवहार्य रस्ता, कारण थर चढवायची पद्धत जुनीच राहते.

एकूण गोंगाट निम्मा झाला, तर दुप्पट अंतरावरचं ऐकू येईल, म्हणजे आठपट अवकाश. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडियालाही याच लेपाशी झुंजावं लागणार आहे.