गुलाम ते पेशवा : जुन्नरचा हबशी इतिहास आणि गुलामगिरीविरुद्धचा लढा

जुन्नर शहराला लागूनच हापूसबाग नावाचे गाव आहे. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला वाटते, इथे आंब्याची मोठी बाग असेल. पण हे नाव मूळच्या 'हबशीबाग'चा अपभ्रंश असल्याचे सांगितले जाते. हबशी म्हणजे हबशान, आजच्या इथिओपियातून आलेली माणसे. ती इथे स्वखुशीने आली नव्हती. बहुतेकांना पकडून, विकून आणले होते.

गुलामांचे बंड म्हटले की आपल्याला हैती आठवते. तिथे १७९१ मध्ये मळ्यांवरचे गुलाम उठले आणि १८०४ मध्ये त्यांनी स्वतःचा देश उभा केला. त्याच्याही फार आधी, ८६९ ते ८८३ या काळात, बसऱ्याजवळच्या दलदलीत राबणाऱ्या झंज गुलामांनी अब्बासी खिलाफतीशी चौदा वर्षे टक्कर दिली. मग आपल्या दख्खनमध्ये काय झाले? इथे गुलामाने मालकाची हवेली जाळली नाही, तो दरबारात शिरला आणि राज्याचा कारभारीच झाला. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे मलिक अंबर, आणि त्याच्या कारकिर्दीचा एक महत्त्वाचा टप्पा जुन्नरमध्ये घडला.

चापूचा मलिक अंबर कसा झाला?

अंबरचा जन्म सुमारे १५४८ चा. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात पोहोचला. मोखा, बगदाद असा हातोहात विकला जात तो दख्खनमध्ये आला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवले आणि 'अंबर' हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. गंमत पाहा, हा चंगेजखान स्वतःही एके काळी गुलामच होता!

दख्खनमधील लष्करी गुलामगिरी अशी चालायची. घरदार, नातेवाईक नसलेला परका माणूस मालकाशीच एकनिष्ठ राहील, हा त्यामागचा हिशेब. त्याला घोडा, तलवार, कारभार शिकवायचे. मालक मेला की अनेकदा तो मोकळा व्हायचा आणि स्वतःचे पथक बांधायचा. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबरही स्वतंत्र झाला. काही वर्षे विजापूरकडे चाकरी करून तो निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्याजवळ दीडशेच्या आसपास घोडेस्वार होते.

जुन्नर राजधानी होते

१६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली, असेच सगळ्यांना वाटले. अंबरने मात्र राजघराण्यातील मुर्तजा याला परांड्यात गादीवर बसवले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आली. बरं, जुन्नरच का? निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचेही पहिले ठाणे हेच होते. शेजारी शिवनेरी, पश्चिमेला नाणेघाटातून कोकणात उतरणारी वाट, चहूबाजूंना डोंगर. मोगलांच्या मोठ्या फौजेला इथे हालचाल करणे अवघड. १६१० मध्ये राजधानी दौलताबादला गेली. त्याच सुमारास अंबरने खडकी वसवली, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

त्याच्या गनिमी काव्यात हबशी आणि मराठे खांद्याला खांदा लावून लढले. मालोजीराजे निजामशाहीत होते, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहा त्याच्यावर इतका चिडून होता की, अंबरच्या कापलेल्या शिरावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्र त्याने काढून घेतले. ते शीर प्रत्यक्षात त्याला कधीच मिळाले नाही. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

अभिमान हवा, पण पूर्ण सत्यासह

आपल्याकडे अंबरविषयी बोलताना 'आमच्यात गुलामही बादशहाच्या बरोबरीला बसत' असे सहज म्हटले जाते. आम्हाला वाटते, इथे थोडे थांबले पाहिजे. अंबर वर चढला, पण गुलामगिरी तशीच राहिली. त्याच्या स्वतःच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. हजारोंपैकी एक अंबर झाला, बाकीच्यांची नावेही उरली नाहीत. हजरत बिलाल रजि. यांची आठवण काढणाऱ्या आणि गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्य मानणाऱ्या समाजाने तरी हे विसरू नये.

स्त्रियांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांना ना घोडा, ना पथक, ना पेशवाई. पुढे पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री, त्यांना बक्षीस देणे, किल्ल्यांवर आणि कोठारांत कामाला लावणे, अशा नोंदी सापडतात. म्हणजे हा दोष कुठल्या एका धर्माचा नव्हता. याच शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांनी मात्र १६७७ मध्ये डच व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात, दक्षिणेतील आपल्या मुलखात माणसे विकत घेण्यास व नेण्यास मनाई केली, हेही नोंदवले पाहिजे.

पळून जाणे हाही लढाच

ज्यांना दरबाराची वाट नव्हती, ते पळाले. पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळालेल्या अनेक आफ्रिकी गुलामांनी घाटातील जंगल जवळ केले. कारवार पट्ट्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला भागातल्या सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत. त्यांच्यात मुस्लिम, हिंदू, ख्रिश्चन तिन्ही आहेत.

इंग्रजी अमलात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीला कोर्टाचे संरक्षण उरले नाही आणि १८६२ पासून दंडविधानाने माणूस विकणे गुन्हा ठरला. पण कर्जाची बेडी राहिलीच. आंबेगावच्या डोंगरात जांभोरीचे होनाजी केंगले १८७३ पासून सावकारांविरुद्ध उठले. त्यांच्या टोळीने सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी आहेत. १८७६ मध्ये ते पकडले गेले. ते गुलाम नव्हते, पण पिढ्यान्‌पिढ्या न फिटणाऱ्या कर्जात अडकलेल्या महादेव कोळ्यांना स्वातंत्र्य तरी कुठले होते? त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी यायला मात्र १९७६ उजाडावे लागले.

जुन्नरला जाल तेव्हा शिवनेरी जरूर पाहा. जमल्यास हापूसबागेतही चक्कर मारा. मुलांनी विचारले की हे हबशी कोण, तर अंबरची गोष्ट अवश्य सांगा. आणि त्याच्याबरोबर विकले गेलेल्या, पण कधीच परत न गेलेल्या बिननावाच्या माणसांचीही सांगा.