स्वस्तात पीसी कॅबिनेट घेताय? काच आणि लाइट बघण्याआधी या गोष्टी तपासा

घरी पीसी असेंबल करायचा म्हटलं की आधी प्रोसेसर ठरतो, मग ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि एसएसडी. या सगळ्यात बजेट जवळपास संपतं आणि उरलेल्या दीड-दोन हजारांत कॅबिनेट बसवायचं ठरतं. दुकानात आरजीबी लाइट, समोर चकचकीत काच आणि सोबत फुकट एसएमपीएस असलेलं एखादं मॉडेल दिसतं. भाव परवडतो आणि खरेदी उरकते.

पुढे एप्रिल महिना येतो. पुण्यात दुपारी पारा चाळिशीजवळ जातो, वरच्या मजल्यावरची खोली स्लॅबमुळे तापलेली असते आणि मशीन अचानक मंद चालायला लागतं. कधी ते स्वतःहून रीस्टार्ट होतं. पुष्कळदा दोष प्रोसेसरवर किंवा विंडोजवर जातो. खरी अडचण मात्र सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत घेतलेल्या त्या पत्र्याच्या डब्यात असू शकते.

कमी पैशांत चांगलं कॅबिनेट मिळतं. फक्त पैसे कशासाठी मोजायचे आणि कशासाठी नाही, हे माहीत हवं.

आधी माप, मग डिझाइन

आज घरगुती पीसीमध्ये तीन मापांचे मदरबोर्ड दिसतात. इंटेलने १९९५ मध्ये आणलेलं एटीएक्स हे माप ३०.५ × २४.४ सेंटीमीटरचं आहे. मायक्रो एटीएक्स २४.४ × २४.४ सेंटीमीटरचा आणि मिनी आयटीएक्स १७ × १७ सेंटीमीटरचा असतो. स्वस्त बिल्डमध्ये बहुतेक वेळा मायक्रो एटीएक्स बोर्ड असतो. तो एटीएक्स कॅबिनेटमध्येही बसतो, पण एटीएक्स बोर्ड मायक्रो एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसत नाही.

बोर्डानंतर आणखी दोन मापं बघावी लागतात. पहिलं म्हणजे ग्राफिक्स कार्डची लांबी. दोन फॅनची कार्डं साधारण २० ते २५ सेंटीमीटर लांब असतात, तर तीन फॅनची ३० सेंटीमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी. दुसरं म्हणजे प्रोसेसरच्या कूलरची उंची. प्रोसेसरसोबत येणारा कूलर बुटका असतो, त्यामुळे अडचण येत नाही. पुढे टॉवर कूलर घ्यायचा विचार असेल तर त्याची उंची १५ ते १६ सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूचं झाकण लागत नाही.

दोन्ही आकडे कॅबिनेटच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर दिलेले असतात. आज ग्राफिक्स कार्ड घेत नसाल, तरी दोन वर्षांनी घ्याल त्या कार्डाची जागा आजच ठेवा.

हवा किती खेळते, यावर सगळं अवलंबून

पीसी जेवढी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णतेत बदलते. ६५ वॅटचा प्रोसेसर, ११५ ते १३० वॅटचं ग्राफिक्स कार्ड आणि बाकीचे भाग धरले, तर गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना कॅबिनेटमध्ये अंदाजे २५० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे जुन्या पद्धतीचे १०० वॅटचे अडीच बल्ब एका बंद डब्यात पेटवल्यासारखंच आहे हे.

ही उष्णता बाहेर काढण्याचं काम हवा करते, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. कॅबिनेटमधून सेकंदाला सुमारे १४ लिटर हवा जात असेल, तर २५० वॅटमुळे ती हवा साधारण १६ अंशांनी तापते. हवा दुप्पट, म्हणजे २८ लिटर जात असेल, तर ती फक्त ८ अंशांनी तापते. खोलीत ३६ अंश असतील तर पहिल्या कॅबिनेटमधून बाहेर पडणारी हवा ५२ अंशांची असते आणि दुसऱ्यातून पडणारी ४४ अंशांची.

प्रोसेसरला याच हवेच्या जिवावर थंड राहायचं असतं. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतात. त्यामुळे महागडा प्रोसेसर घेऊनही, गुदमरणाऱ्या कॅबिनेटमध्ये तो त्याच्या किमतीएवढं काम करत नाही.

म्हणून समोरची बाजू नीट बघा. तिथे जाळी असेल तर उत्तम. सलग काच किंवा प्लास्टिक असेल तर त्यामागे फॅन कितीही असले, तरी हवा फक्त कडेच्या फटीतून आत येते. अशा कॅबिनेटमधले तीन रंगीत फॅन आतली गरम हवाच फिरवत राहतात. बाजूला काच असायला हरकत नाही, कारण हवा आत घ्यायचं काम त्या बाजूचं नाही.

फॅन किती हवेत?

साध्या पीसीला समोर एक आणि मागे एक, असे १२० मिलिमीटरचे दोन फॅन पुरतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर समोर दोन, मागे एक ठेवा. समोरचे फॅन हवा आत घेतात, मागचा बाहेर टाकतो. गरम हवा वर जाते, म्हणून बाहेर टाकणारा फॅन मागे वरच्या बाजूला असतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की आणखी एक फायदा होतो. हवा फटींमधून बाहेर पडत राहते, त्यामुळे त्याच फटींमधून धूळ आत ओढली जात नाही. बांधकामं आणि रस्त्यांची खोदाई सुरू असलेल्या भागात राहणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. समोरच्या जाळीमागे काढता येणारा डस्ट फिल्टर आहे का, ते दुकानातच काढून बघा. उन्हाळ्यात तो दोन-तीन आठवड्यांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा.

एक छोटी तपासणी विसरू नका: फॅनची वायर कुठे जोडली जाते? ती थेट एसएमपीएसच्या मोलेक्स पिनला जात असेल तर फॅन कायम एकाच वेगाने फिरतात. मदरबोर्डला जोडली जात असेल तर वेग कमी-जास्त करता येतो. एकाच खोलीत झोप आणि अभ्यास दोन्ही होत असेल, तर रात्रीच्या आवाजातला फरक लगेच जाणवतो.

'फ्री' एसएमपीएस का नको?

बाजारात अनेक स्वस्त कॅबिनेटसोबत एसएमपीएस मोफत मिळतो. सगळ्यात मोठा धोका इथे आहे, कारण मदरबोर्ड, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डला याच डब्यातून वीज जाते. तो बिघडताना कधी कधी बाकीचे भागही सोबत नेतो.

अशा एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' लिहिलेलं असतं. तो आकडा सोडून खालचं बारीक लेबल वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. समजा तिथे '+१२ व्होल्ट, १५ अँपिअर' लिहिलं आहे. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. खोक्यावर ४५० असले, तरी कामाची वीज एवढीच.

लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असायला हवा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी अॅपवर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. '८० प्लस' हे चिन्ह वीज किती कमी वाया जाते ते सांगतं. शॉर्ट सर्किट, जास्त व्होल्टेज आणि जास्त करंट यांपासून संरक्षण आहे का, ते खोक्यावर वेगळं बघावं लागतं.

नावाजलेल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस साधारण अडीच ते साडेतीन हजारांत मिळतो आणि त्यावर अनेकदा तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते. बजेट अगदीच ताणलं गेलं असेल तर कॅबिनेट आणखी साधं घ्या, पण एसएमपीएसचे पैसे वाचवू नका. साध्या कॅबिनेटमुळे फार तर मशीन तापेल. खराब एसएमपीएसमुळे घरच्यांनी साठवलेल्या पैशांतून आलेलं सगळं मशीन एका झटक्यात जाऊ शकतं.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात?

पेठांमधले जुने वाडे, भाड्याच्या खोल्या आणि कॉट बेसिसवरची घरं इथे हा अनुभव अनेकांना येतो. याचं कारण बहुतेक वेळा कॅबिनेटमध्ये नसून घराच्या वायरिंगमध्ये असतं.

एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते धातूच्या बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मेनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे फक्त चुरचुरतं. पण त्याच सॉकेटवर उद्या आत खरा शॉर्ट झाला, तर ती वीज जायला जमिनीचा रस्ता नसेल, आणि तेव्हा बॉडीला हात लावणं जिवावर बेतू शकतं.

तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये अडकवण्यासाठी जुगाड करू नका. इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासून घ्या. भाड्याची खोली असेल तर मशीन आणण्याआधीच घरमालकांशी बोला.

पत्रा, कडा आणि पाली

कॅबिनेट दोन हातांनी तिरकं दाबून बघा. पत्रा फार वाकत असेल तर मदरबोर्डवर ताण येतो, आणि फॅन फिरताना झाकण खडखडतं. आतल्या कडांवरून बोट जपून फिरवा, कारण स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या धारदार राहिलेल्या असतात. मदरबोर्ड ज्यावर बसतो ते पितळी स्टँडऑफ आणि स्क्रूची पिशवी खोक्यात आहे, याची खात्री करा. स्टँडऑफ न लावता बोर्ड थेट पत्र्यावर बसवला तर तो शॉर्ट होतो.

मागच्या बाजूला कार्डांसाठी पट्ट्या असतात. काही कॅबिनेटमध्ये त्या मोडूनच काढाव्या लागतात आणि परत लावता येत नाहीत. मग तिथे उघडं भोक राहतं आणि त्यातून झुरळं, मुंग्या, पाली आत जातात. स्क्रूने लागणाऱ्या पट्ट्या असलेलं कॅबिनेट घ्या.

जुनं कॅबिनेट चालेल का?

चालेल. पत्र्याला एक्सपायरी नसते. मित्राकडचं जुनं एटीएक्स कॅबिनेट चांगल्या स्थितीत असेल तर नवे फॅन लावून आरामात वापरता येतं. फक्त त्यातला जुना एसएमपीएस काढून टाका.

ऑफिसमधून मोडीत निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप घेताना मात्र सावध राहा. त्यातल्या अनेक मॉडेलमध्ये मदरबोर्डची भोकं, एसएमपीएसचं माप आणि पॉवर बटणाची वायर कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असते. त्यात बाजारातला बोर्ड बसेलच असं नाही.

दुकानात उभ्या उभ्या तपासायच्या गोष्टी

- मदरबोर्डचं माप, ग्राफिक्स कार्डची लांबी आणि कूलरची उंची बसते का?
- समोर जाळी आणि धुता येणारा फिल्टर आहे का?
- किमान दोन फॅन सोबत आहेत का, की वेगळे घ्यावे लागतील? त्यांची किंमत धरून तुलना करा.
- समोरच्या यूएसबी ३ पोर्टची वायर तुमच्या मदरबोर्डला लागते का?
- एसएमपीएस वेगळा घेताय ना?
- जीएसटीचं पक्कं बिल मिळतंय का? वॉरंटीसाठी तेच लागतं.

घरी आणल्यावर एक परीक्षा

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. मागे निदान १० ते १५ सेंटीमीटर जागा सोडा. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीपासून आणि फरशी पुसताना पाणी लागेल अशा कोपऱ्यापासून लांब, थोड्या उंचीवर ठेवा.

मग अर्धा तास एखादा जड गेम किंवा रेंडर चालू ठेवून 'एचडब्ल्यूइन्फो'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान लिहून घ्या. आता बाजूचं झाकण काढा, आतल्या भागांना हात न लावता तेच काम पुन्हा अर्धा तास चालवा आणि आकडे बघा. फरक तीन-चार अंशांचा असेल तर कॅबिनेट चांगलं आहे. तो दहाच्या पुढे गेला, तर कॅबिनेट गुदमरतंय. आधी फॅनच्या दिशा तपासा, समोर आणखी एक फॅन लावून बघा. तरीही फरक पडत नसेल, तर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत बिल घेऊन दुकानात जा. ही परीक्षा खरेदी केली त्याच आठवड्यात करा, उन्हाळ्याची वाट बघत बसू नका.