एक सेक्टर वाचता येईना, म्हणून अख्खी डिस्क बाद? ‘रेड’मधला ३० सेकंदांचा घोळ

लग्नाचे फोटो काढणारा एखादा छोटा स्टुडिओ डोळ्यासमोर आणा. गेल्या पाच-सहा वर्षांचे सगळे फोटो एकाच कॉम्प्युटरमध्ये, चार हार्ड डिस्कवर मिळून ठेवलेले आहेत. चारपैकी एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहील अशी सोय आहे. एके दिवशी सिस्टीम सांगते, एक डिस्क बाद झाली. घाबरायचं कारण नसतं, सोय त्यासाठीच तर केलेली असते. नवी डिस्क येते, तिच्यावर डेटा पुन्हा तयार व्हायला लागतो आणि काम ७०-८० टक्क्यांवर असताना दुसरी डिस्कही बाद होते. सगळे फोटो एका झटक्यात हाताबाहेर.

खरा धक्का त्यानंतर बसतो. ‘बाद’ झालेल्या दोन्ही डिस्क बाहेर काढून तपासल्या, तर त्या व्यवस्थित फिरतायत, कॉम्प्युटरला दिसतायत आणि त्यांच्यावरचा जवळपास सगळा डेटा वाचताही येतोय.

मग बिघडलं काय? लिनक्सवर सॉफ्टवेअर रेड वापरणाऱ्यांच्या बाबतीत याचं उत्तर बऱ्याचदा एकच निघतं. डिस्कवरचा एक बारीकसा तुकडा वाचता येत नव्हता आणि तसं कबूल करायला डिस्कने फार वेळ लावला.

आधी, हे ‘रेड’ म्हणजे काय?

१९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडा आणि एखादी बिघडली तरी चालेल इतकी जादा माहिती त्यांच्यावर ठेवा, ही त्यातली कल्पना. तिलाच ‘रेड’ म्हणतात. हे काम वेगळ्या कार्डाऐवजी ऑपरेटिंग सिस्टीमच करत असेल तर ते सॉफ्टवेअर रेड. लिनक्समध्ये ते सांभाळणाऱ्या भागाचं नाव ‘एमडी’. घराघरांत आणि छोट्या ऑफिसांत दिसणाऱ्या सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांच्या नॅस डब्यांमध्येही आतून हेच एमडी चालतं.

जादा माहिती ठेवण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे मिरर, म्हणजे दोन डिस्कवर तीच प्रत. दुसरी रीत पॅरिटीची, आणि ती वाण्याच्या बिलासारखी आहे. बिलावर साखर ९० रुपये, तेल १६० रुपये, डाळीचा आकडा पाण्याने पुसलेला आणि खाली एकूण ३७०. डाळ १२० रुपयांची होती हे कुणीही सांगेल. रेड-५ मध्ये डेटाच्या तुकड्यांबरोबर अशीच एक ‘बेरीज’ ठेवलेली असते (खरं गणित बेरजेचं नसून एक्सॉर नावाच्या क्रियेचं असतं, पण मुद्दा तोच). एक आकडा पुसला गेला तर उरलेल्यांवरून काढता येतो. दोन पुसले गेले तर मात्र इलाज नाही.

सेक्टर वाचता येत नाही म्हणजे काय होतं?

हार्ड डिस्कवरचा डेटा ५१२ किंवा ४०९६ बाइटच्या तुकड्यांत लिहिलेला असतो. यातला प्रत्येक तुकडा म्हणजे सेक्टर. प्रत्येक सेक्टरबरोबर चूक दुरुस्त करणारा कोड लिहिलेला असतो आणि डिस्क वाचताना बारीकसारीक चुका त्याच्या मदतीने गुपचूप दुरुस्त करत असते. पण सिग्नल फारच कमजोर झाला किंवा पृष्ठभागावर ओरखडा असला, की कोडही हात टेकतो. हीच ‘रीड एरर’.

मग डिस्क तो सेक्टर लगेच बदलून का टाकत नाही? तिच्याकडे राखीव सेक्टर असतात. पण त्या जागी काय लिहिलेलं होतं हेच तिला माहीत नसतं, मग राखीव सेक्टरमध्ये भरणार काय? म्हणून ती त्या जागेवर फक्त खूण करून ठेवते. डिस्कच्या तब्येतीचा अहवाल देणाऱ्या ‘स्मार्ट’ यंत्रणेत हा आकडा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या नावाने दिसतो. पुढे कधी कुणी त्याच जागी नवा डेटा लिहायला आलं, की डिस्क तिथे लिहून बघते. जमलं तर ठीक, नाही तर राखीव सेक्टर वापरते आणि ‘रिॲलोकेटेड सेक्टर’चा आकडा एकाने वाढतो.

थोडक्यात, वाचता न येणारा सेक्टर दुरुस्त करायचा तर तिथे बरोबर डेटा पुन्हा लिहावा लागतो. एकट्या डिस्कला ते शक्य नाही. रेडला शक्य आहे, कारण तो डेटा उरलेल्या डिस्कवरून काढता येतो.

एमडी नेमकं हेच करतं. रीड एरर आली की उरलेल्या डिस्कवरून तो तुकडा तयार करायचा, मागणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा, मग तोच तुकडा बिघडलेल्या जागी लिहायचा आणि पुन्हा वाचून खात्री करायची. फोटो उघडणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, लॉगमध्ये मात्र एक ओळ उमटते. पूर्वी असं नव्हतं. लिनक्स कर्नलच्या साधारण २.६.१५ आवृत्तीपर्यंत एक रीड एरर आली तरी एमडी अख्खी डिस्क बाहेर काढायचं.

लिहिताना आलेल्या एररला मात्र अशी माफी नाही. डिस्क लिहूनही घेत नसेल तर तिच्यावरचा डेटा जुना राहणार, मग ती बाहेर. (नव्या एमडीमध्ये खराब जागांची यादी ठेवायची सोय आहे, ती चालू असेल तर थोडी सवलत मिळते.) हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ यातूनच होतो.

३० सेकंद विरुद्ध दोन-तीन मिनिटं

साधी डेस्कटॉप डिस्क अशा समजुतीने बनवलेली असते की डेटाची हीच एकमेव प्रत आहे. त्यामुळे सेक्टर वाचता आला नाही की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. हेड जरा इकडे, जरा तिकडे, पुन्हा एक फेरी. हे दोन-तीन मिनिटंही चालू शकतं आणि तेवढ्या वेळात ती इतर कशालाही उत्तर देत नाही.

लिनक्सचा संयम मात्र ३० सेकंदांचा. डिस्ककडे मागितलेलं काम तेवढ्या वेळात झालं नाही, तर कर्नल समजतं की डिस्क अडकली आणि तिची जोडणी रिसेट करायला जातं. डिस्क अजून त्या सेक्टरशीच झगडत असते, त्यामुळे रिसेटलाही दाद देत नाही. कर्नल शेवटी वर कळवतं, वाचता आलं नाही. एमडी शहाण्यासारखं दुसऱ्या डिस्कवरून तो तुकडा तयार करतं आणि दुरुस्तीसाठी लिहायला पाठवतं. पण डिस्क अजूनही गप्पच. आता ही ठरली लिहितानाची एरर, आणि तिची शिक्षा ठरलेली. डिस्क बाहेर.

म्हणजे एका सेक्टरची दुरुस्ती करायला निघालेल्या यंत्रणेने धडधाकट डिस्क घालवली. आता नवी डिस्क बसवताना उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. त्यातल्या एखादीवर असाच एक सेक्टर लपलेला असेल, तर तीही त्याच वाटेने जाते. स्टुडिओच्या बाबतीत झालं ते हेच.

‘नॅस’ किंवा ‘एंटरप्राइझ’ नावाने विकल्या जाणाऱ्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात आणि सरळ ‘वाचता येत नाही’ असं सांगतात. वेस्टर्न डिजिटल या सोयीला टीएलईआर म्हणते, सीगेट ईआरसी म्हणते. नाव काहीही असो, रेडमध्ये लवकर हार मानणारी डिस्कच चांगली. एकट्या डिस्कच्या लॅपटॉपमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे दुसरी प्रतच नसल्याने डिस्कने जिवाच्या आकांताने प्रयत्न करणंच योग्य.

मग करायचं काय?

पहिलं काम, प्रत्येक डिस्कला ही मर्यादा आहे का ते बघणं. लिनक्सवरचं ‘स्मार्टसीटीएल’ हे टूल ते सांगतं. सोय असेल पण बंद असेल, तर त्याच टूलने चालू करता येते. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात लिहायची असते, म्हणून ७ सेकंदांसाठी ७०. वीज गेली की बहुतेक डिस्क हे विसरतात. त्यामुळे ही सेटिंग कॉम्प्युटर सुरू होताना दर वेळी आपोआप लागेल अशी स्क्रिप्ट ठेवावी लागते. बरेच जण इथेच चुकतात.

डिस्कमध्ये सोयच नसेल तर उलट बाजूने जायचं, म्हणजे कर्नलचा संयम वाढवायचा. त्या डिस्कसाठीची ३० सेकंदांची मर्यादा १८० केली, की डिस्कला तिची हार कबूल करायला पुरेसा वेळ मिळतो. यात सिस्टीम कधी कधी दोन-तीन मिनिटं अडकल्यासारखी वाटेल. ते परवडतं.

दुसरं काम म्हणजे लपलेले सेक्टर वेळेत शोधणं. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाचे फोटो रोज कोण उघडतं? त्यातला सेक्टर बिघडला तरी कळतच नाही, आणि कळतं ते थेट पुनर्बांधणीच्या वेळी. नेटॲपच्या स्टोरेज सिस्टीममधल्या १५ लाख ३० हजार डिस्कचा ३२ महिन्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ३.४५ टक्के डिस्कवर असे सुप्त बिघाड आढळले होते. आणि डिस्क कंपन्या स्वतः काय लिहितात बघा. अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्यं इतके बिट वाचल्यावर जास्तीत जास्त एक न वाचता येणारा सेक्टर, असं प्रमाण दिलेलं असतं. हे होतात सुमारे १२.५ टीबी. ४ टीबीच्या चार डिस्कच्या रेड-५ मध्ये एक गेली, तर उरलेल्या तीन मिळून १२ टीबी वाचायचं आहे. हे कंपनीने दिलेलं वरचं टोक आहे, प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून चांगल्या निघतात. तरी मोठ्या डिस्कवर रेड-५ ऐवजी दोन डिस्क गेल्या तरी चालणारं रेड-६ घ्या असं जाणकार का म्हणतात, ते यावरून कळावं.

सेक्टर शोधण्याच्या या कामाला स्क्रबिंग म्हणतात. सगळ्या डिस्क पूर्ण वाचून काढायच्या, जिथे एरर येईल तिथे एमडी दुरुस्त करतं. डेबियनमध्ये हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होतं, नॅस डब्यांमध्ये ‘डेटा स्क्रबिंग’ नावाने मेन्यूत असतं. फक्त क्रम चुकवू नका. आधी वेळेची मर्यादा नीट करा, मगच स्क्रब. नाही तर स्क्रबच एकेक डिस्क बाहेर काढत सुटेल.

एमडीची एक मर्यादाही माहीत असू द्या. डिस्कने ‘वाचता येत नाही’ असं सांगितलं तर ते दुरुस्ती करतं, पण डिस्कने बिनदिक्कत चुकीचा डेटा दिला तर दोन प्रतींतली खरी कुठली हे त्याला ओळखता येत नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस प्रत्येक तुकड्याचा चेकसम ठेवतात, त्यामुळे त्यांना खरी प्रत ओळखता येते. शिवाय काही वाचवता आलं नाहीच, तर झेडएफएस गेलेल्या फाइलींची नावं सांगतं.

डिस्क बदलायची कधी, आणि कशी?

एखाद-दुसरा सेक्टर बदलला म्हणून डिस्क फेकायची गरज नाही, पण दुर्लक्षही नको. गुगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कची माहिती अभ्यासली. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली एरर सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. आकडा वाढतच असेल तर नवी डिस्क मागवा.

बदलताना मात्र जुनी आधी काढू नका. एमडीमध्ये ‘रिप्लेस’ची सोय आहे. नवी डिस्क जोडायची आणि जुनी जागेवर असतानाच तिच्यावरून नवीवर प्रत करून घ्यायची. जुनीवरचा जो सेक्टर वाचता येणार नाही, तेवढाच इतर डिस्कवरून तयार होतो. जुनी आधीच उपटून काढली तर हाताशी असलेली ९९ टक्के चांगली प्रत आपणच घालवतो.

आणि स्टुडिओसारखी वेळ आलीच, दोन डिस्क बाहेर पडल्या, तर पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्यावर काहीही लिहायचं नाही. घाबरून नव्याने ‘क्रिएट’ची आज्ञा देणं सगळ्यात महागात पडतं. डिस्कचा क्रम किंवा तुकड्यांचा आकार जरा चुकला, की चांगल्या डेटावर कचरा लिहिला जाऊ शकतो. त्याऐवजी प्रत्येक डिस्कची नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत काढा. त्यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत टूल आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतं. मग या प्रतींवर, मूळ डिस्क बाजूला ठेवून, ‘असेंबल’ सक्तीने करायचं. शेवटी बाहेर पडलेल्या डिस्कवरचा डेटा बाकीच्यांशी जवळपास जुळत असतो, त्यामुळे बहुतेक फोटो परत मिळतात. खूप आधी बाहेर पडलेली जुनी डिस्क यात घ्यायची नाही, तिच्यावरचा डेटा शिळा झालेला असतो.