दाखला नको, मूल पुरे

आज रणांगणाची गोष्ट नाही. कोर्टाच्या आवारातल्या एका टेबलाची आहे.

माझ्या पलटणीतले एक हवालदार निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झाले. त्यांचा नऊ वर्षांचा नातू स्वमग्न आहे. शाळेनं तोंडीच सांगितलं, याला आम्ही सांभाळू शकत नाही, दुसरीकडे बघा. हवालदारांचा मला फोन आला. "साहेब, वकील करायचा तर पेन्शन पुरणार नाही." खरं सांगतो, अशा कामाला वकील फुकट मिळतो हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. शोधायला बसलो आणि मागचा सगळा इतिहास हाती लागला.

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं कलम ३९-अ आलं. पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये, ही जबाबदारी राज्याची. पण ते पडलं मार्गदर्शक तत्त्व. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायमूर्ती भगवतींनी गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं कलम २१ शी, म्हणजे थेट मूलभूत हक्काशी जोडलं. १९८७ ला विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो लागू व्हायला मात्र ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला.

या कायद्याचं कलम १२ लक्षात ठेवा. स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.

दुसरी वाट शिक्षणाची. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले आणि स्वमग्नता आली. त्याच कायद्याचं कलम ३१ सांगतं, की किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीनं, मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

या दोन वाटा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या टेबलावर येऊन मिळतात. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही तिथवर पोचता येतं. हवालदारांनी तिथं विचारलं, "उत्पन्नाचा दाखला आणू का?" कारकून म्हणाले, "काम मुलाचं आहे ना? मग नको. दिव्यांग प्रमाणपत्र आणा, आणि शाळेला लेखी अर्ज देऊन पोच घ्या."

वकील मिळाले. शाळेला नोटीस गेली. नातू पुन्हा वर्गात बसू लागला. विशेष शिक्षक अजून आलेला नाही. प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांत पंधरांमागे एक, हे प्रमाण केंद्र सरकारनं २०२२ मध्येच घालून दिलंय. म्हणजे पुढचा अर्ज तयार ठेवायचा.

मंडळी, आघाडीवर दारूगोळा पोचला नाही तर कोठारात कितीही असून उपयोग नसतो. हे कलम १२ असंच कोठारात पडून आहे. तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल, तर आज संध्याकाळी त्यांना एवढं सांगून या.

जय हिंद.