मालिकेचा शेवट आणि प्रेक्षकांचा हक्क : 'रामायण' (१९८८) व 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०२०)

प्रस्तावना :

बखरी, शकावल्या आणि फार्सी अखबार यांच्या जोडीला दूरचित्रवाणी मालिकेचे नाव घेतले की इतिहासाच्या अभ्यासकांच्या कपाळावर आठी उमटते. एका अर्थी ते योग्यच आहे. मालिका ही सतराव्या शतकाचा पुरावा होऊ शकत नाही. परंतु ज्या समाजाने ती पाहिली त्या समाजाचा ती पुरावा निश्चितच आहे आणि हा पुरावा सर्वांत बोलका होतो तो मालिका संपत असताना. शेवट कसा व्हावा, काय दाखवावे, काय दाखवू नये याविषयी लोक जे बोलतात, त्यातून भूतकाळावर कोणाचा किती हक्क आहे हे उघड होते. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने दोन शेवटांचा विचार केला आहे.

जालंधरचा संप :

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली. मूळ योजना ५२ भागांची होती. ती वाढत वाढत ७८ भागांपर्यंत गेली आणि ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकाने मालिकेची सांगता झाली. रविवारी सकाळी एका संचासमोर सारी आळी जमण्याचा तो काळ होता. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी त्या आठवणी सांगणारी पिढी आजही आहे.

या सांगतेवर सर्वांत तीव्र प्रतिक्रिया उमटली ती पंजाबातील जालंधर येथील सफाई कामगारांकडून. सातवे कांड, म्हणजे उत्तरकांड, न दाखवताच मालिका संपणार म्हणून त्यांनी संप पुकारला आणि तो उत्तर भारतातील इतर शहरांत पसरला. या कामगारांत वाल्मीकी समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. सीतेला आश्रय देणारे, लव-कुशांचे गुरू असलेले महर्षी वाल्मीकी कथेत पात्र म्हणून ठळकपणे येतात ते याच कांडात. म्हणजे राज्याभिषेकाशी कथा थांबवणे हे या समाजाच्या दृष्टीने स्वतःच्या आराध्यालाच कथेबाहेर ठेवणे होते. शहरांत कचरा साचू लागला, रोगराईचे भय निर्माण झाले आणि सरकारला पुढील भागांची मागणी मान्य करावी लागली. हे भाग १९८८-८९ मध्ये प्रसारित झाले. शासकीय माध्यमावर कथेचा शेवट बदलून घेण्यासाठी श्रमिकांनी आपल्या श्रमाचेच हत्यार केल्याचे असे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही. प्रा. रोमिला थापर यांनी जानेवारी १९८९ मध्ये 'सेमिनार' या नियतकालिकात या मालिकेची चिकित्सा केली. अनेक रामकथांच्या जागी एकच रामकथा प्रमाण ठरण्याचा धोका हा त्या चिकित्सेचा गाभा होता. जालंधरच्या कामगारांनी तोच प्रश्न आपल्या पद्धतीने आधीच विचारला होता, असे म्हणता येईल.

शंभूचरित्राचा शेवट :

'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका झी मराठीवर २४ सप्टेंबर २०१७ ते २९ फेब्रुवारी २०२० या काळात चालली. येथे चित्र उलटे होते. शेवट सर्वांना ठाऊक होता : १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे कैद आणि ११ मार्च १६८९ रोजी वध. मालिका त्या टप्प्यावर येताच छळाची दृश्ये पाहवणार नाहीत, ती दाखवू नयेत, अशी मागणी जाहीरपणे होऊ लागली. प्रमुख भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ मध्ये शिरूरचे खासदार झाले होते, त्यामुळे या चर्चेला राजकीय रंगही चढला. अखेरीस छळ व वध यांचे तपशीलवार चित्रण टाळण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मात्र 'मालिकेत ते का दाखवले नाही?' असा नेमका उलट सवाल विचारला गेला व डॉ. कोल्हे यांना खुलासा करावा लागला. पाच वर्षांत प्रेक्षकांची अपेक्षा एवढी पालटली!

हे दुःख इतके तीव्र का झाले, याचे उत्तर मालिकेपेक्षा इतिहासलेखनात शोधावे लागते. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने, म्हणजे वधानंतर शतकाहून अधिक काळाने, जी मलिन प्रतिमा रूढ केली ती नाटक-कादंबऱ्यांत दीर्घकाळ वावरली. वा. सी. बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ (१९६०) आणि डॉ. कमल गोखले यांचा 'शिवपुत्र संभाजी' (१९७१) यांनी ती साधार खोडून काढली. शिवाजी सावंतांच्या 'छावा' (१९७९) या कादंबरीने नवी प्रतिमा घरोघरी नेली. मालिकेचा प्रेक्षक या संशोधनाचा, नकळत का होईना, वारसदार होता. बेंद्रे यांचे नावही न ऐकलेला माणूस त्यांचाच निष्कर्ष डोळ्यांत पाणी आणून सांगत होता.

आणखी एक बाब दृष्टीआड करता येत नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे महाराजांवर अंत्यसंस्कार कोणी केले, याविषयी परस्परविरोधी परंपरा सांगितल्या जातात. एक परंपरा गोविंद गोपाळ महार यांचे नाव घेते, तर दुसरी शिवले-देशमुख मंडळींचे. मालिका सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, डिसेंबर २०१७ च्या अखेरीस, गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळील फलकावरून तेथे तणाव निर्माण झाला आणि पाठोपाठ १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार घडला. वधानंतरचे ते काही तास कसे रंगवावेत, हा प्रश्न त्यामुळे केवळ कलात्मक उरला नव्हता. जालंधरला वाल्मीकी समाज ज्या हक्कासाठी रस्त्यावर आला, तोच हक्क वढूच्या परंपरांमध्ये आहे : कथेच्या अखेरीस आपला पूर्वज उपस्थित असण्याचा. छळाच्या दृश्यांवर एवढे बोलले गेले, परंतु या प्रश्नाची चर्चा त्या तुलनेत प्रस्तुत लेखकाच्या कानी फारच थोडी आली.

मालिका संपल्यानंतर महिन्याभरातच टाळेबंदी लागू झाली. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले आणि ते संपताच एप्रिलमध्ये उत्तरकांडाचे भागही जोडून दाखवले. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ते सारे सलग एकच मालिका म्हणून पाहिले. त्यातला शेवटचा भाग कोणाच्या संपामुळे चित्रित झाला, हे वर्गात विचारले असता एकाही विद्यार्थ्याला सांगता आले नाही.