अपघातग्रस्त क्लासिक स्पोर्ट्स कार : वाचवावी की सोडून द्यावी?

ब्रिटनमध्ये जुन्या स्पोर्ट्स कारला अपघात झाला की मालकाच्या हाती लवकरच दोन कागद पडतात : गॅरेजचे अंदाजपत्रक आणि विमा कंपनीचे पत्र. दोन्ही आपापल्या जागी खरे असतात; पण त्यांपैकी एकावरच विसंबून निर्णय घेणे धोक्याचे ठरते. गॅरेजचा अंदाज बाहेरून दिसणाऱ्या पत्र्यावरून बांधलेला असतो, तर विमा कंपनीचे गणित तिच्या स्वतःच्या देण्याघेण्याचे असते. गाडी वाचवण्याजोगी आहे का, हा प्रश्न या दोहोंहून वेगळा आहे.

धडक किती जोराची होती, याआधी गाडीची बांधणी कोणत्या पद्धतीची आहे हे पाहावे लागते. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली एमजीबी मोनोकॉक पद्धतीची आहे, म्हणजे बॉडी हाच तिचा सांगाडा. ट्रायम्फ टीआर६ला मात्र स्वतंत्र चॅसिस असून बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली आहे. वाकलेली चॅसिस बॉडीखालून काढून बदलता येते. लोटस एलानमध्ये पाठीच्या कण्यासारखी पोलादी चॅसिस आणि वर फायबरग्लासची बॉडी असते. फायबरग्लासला पडलेली चीर डोळ्यांत भरते, पण ती बुजवणे तुलनेने सोपे. खालचा कणा वाकला आहे का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

जॅग्वार ई-टाइपचे उदाहरण विशेष बोलके आहे. तिचा मधला भाग मोनोकॉक. इंजिन मात्र पुढे बोल्टने जोडलेल्या, पातळ पोलादी नळ्यांच्या चौकटीत बसते. समोरून धडक बसल्यावर ही चौकट वाकते. त्या नळ्या तापवून सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण त्यांची ताकद पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. चौकट बदलणे हाच योग्य मार्ग, आणि ती बदलता येते. त्यामुळे दिसायला भीषण अपघात झालेली ई-टाइप कधी वाचते आणि मागच्या कोपऱ्यावर बेताचा दणका बसलेली एमजीबी कधी हाताबाहेर जाते.

एमजीबीच्या बाबतीत खरा शत्रू गंज आहे. दाराखालचा सिल अनेक थरांचा असून गाडीचे वजन पेलण्यात त्याचा मोठा वाटा असतो. वरून चकचकीत रंग आणि आत पोखरलेला सिल, अशा गाडीत धडकेचा जोर जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही. दारांच्या कडेच्या फटी वरच्या आणि खालच्या बाजूला सारख्या आहेत का, दार उघडताना चौकटीला घासते का, धडकेपासून दूरच्या सांध्यांवर रंगाला नव्या चिरा आहेत का, हे आधी पाहावे. अशा खुणा दिसल्या तर प्रश्न मडगार्डचा राहत नाही.

मोजमापाशिवाय निर्णय नको

कारखान्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बहुधा सांगाड्यावरील ठरावीक बिंदूंमधील अंतरे दिलेली असतात. गाडी जिगवर चढवून ही अंतरे, विशेषतः कर्णरेषा, तपासता येतात. या तपासणीला स्वतंत्र पैसे मोजावे लागतात, म्हणून बरेच मालक ती टाळतात. ही काटकसर चुकीची आहे. पूर्ण निर्णय ज्या आकड्यांवर उभा राहायचा, ते येथेच मिळतात. सोबत स्टिअरिंग रॅक, सस्पेन्शनचे बांधे, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग्ज व तारांची चाके तपासून घ्यावीत. जुन्या गाडीची एक बाजू मात्र सुखाची : एअरबॅग आणि सेन्सर नसल्याने, नव्या मोटारींचा खर्च जिथे फुगतो ती कलमेच येथे नसतात.

विमा आणि वर्गवारी

ऑक्टोबर २०१७पासून ब्रिटनमध्ये निकाली काढलेल्या गाड्यांचे ए, बी, एस आणि एन असे वर्ग आहेत. ए वर्गातील गाडी संपूर्ण चिरडली जाते. बी वर्गात सुटे भाग वापरता येतात, बॉडी नाही. या दोन्ही गाड्या रस्त्यावर परतू शकत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे सांगाडा वगळून अन्यत्र इजा. या दोन्ही दुरुस्त करून चालवता येतात. त्यामुळे ‘टोटल लॉस’ हे शब्द वाचून घाबरण्याआधी वर्ग कोणता दिला आहे ते पाहावे, आणि तो पटत नसेल तर कागदपत्रे निघण्यापूर्वीच स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल मागवावा.

पॉलिसी ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ची आहे की बाजारभावाची, यावर पुढचे सारे अवलंबून असते. एक काल्पनिक हिशेब पाहू. ठरलेली किंमत १८,००० पौंड. अपघातग्रस्त गाडी मालकाने स्वतःकडे ठेवल्यास कंपनी तिचे २,५०० पौंड वजा करते. हाती १५,५०० उरतात. गॅरेजचा अंदाज १२,००० पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट धरून १४,४००. पत्रा उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी आणखी एक चतुर्थांश, म्हणजे ३,६००, बाजूला ठेवले की खर्च बरोबर १८,००० होतो. म्हणजे पदरचे २,५०० पौंड घालून शिक्का बसलेली गाडी मिळते. तेवढ्याच पूर्ण भरपाईत दुसरी, शिक्का नसलेली गाडी घेता येईल. पण तिच्या सिलमध्ये काय दडले आहे हे कोण सांगणार? आपल्या गाडीचा सांगाडा अलीकडेच नीट बांधून घेतला असेल आणि त्याची छायाचित्रे हाताशी असतील, तर हे २,५०० पौंड जास्त नाहीत. तसे नसेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरण्यासारखे फारसे काही उरत नाही.

नवे शेल, जुनी ओळख

एमजीबीच्या मालकांना आणखी एक वाट उपलब्ध आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी या गाडीची नवी बॉडीशेल तयार करते. मात्र शेल आणले म्हणजे गाडी झाली असे नाही. रंग, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, काचा आणि आतली सजावट बसवण्यात शेकडो तास जातात. शेलची पावती जपावी आणि काम सुरू करण्यापूर्वी डीव्हीएलएकडे लेखी विचारणा करावी. दुसऱ्या जुन्या गाडीच्या शेलवर आपला नोंदणी क्रमांक चढवणे हा मात्र मार्गच नव्हे. तिथे गाडीची कायदेशीर ओळखच बदलते.

ओळखीला किती किंमत येते, याचे टोकाचे उदाहरण ऑगस्ट २०२३मध्ये अमेरिकेत दिसले. आरएम सदबीजच्या लिलावात १९५४ची फेरारी ५०० मोंडियाल, अपघात व आगीनंतर उरलेल्या चुरगळलेल्या पत्र्याच्या अवस्थेत, १८ लाख ७५ हजार डॉलरला विकली गेली. अशा दुर्मीळ रेसिंग मोटारींचे गणित सर्वसाधारण एमजीबी किंवा ट्रायम्फला लागू करू नये. त्या गाड्या अजूनही भरपूर आहेत, आणि विपुलता हाच अपघातग्रस्त गाडीच्या भावाला मारक घटक आहे.

दुरुस्तीनंतरची एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. निकाली काढलेल्या गाडीची रस्त्यावर परतण्यापूर्वी ओळख पटवण्याची सरकारी योजना २०१५मध्ये बंद झाली, आणि मोठे बदल न केलेल्या ४० वर्षांहून जुन्या मोटारींना वार्षिक एमओटीही बंधनकारक नाही. काम नीट झाले की नाही, हे कोणीही आपण होऊन तपासणार नाही. गाडी सुरक्षित असण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र चालवणाऱ्यावर कायम असते. म्हणून ऐच्छिक एमओटी, चाकांच्या अलाइनमेंटचा छापील अहवाल आणि प्रत्येक वेल्डिंगची रंग देण्यापूर्वीची छायाचित्रे, हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. पुढील विमा घेताना एस किंवा एन वर्गाची माहिती लपवल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो, आणि विक्रीच्या वेळी जाणकार ग्राहक पहिल्यांदा हीच फाइल मागतो.