दैनंदिनीबाहेरचे मूल : विलंबाने बोलणाऱ्या बालकांच्या अभ्यासाचा इतिहास

मराठीत मूल बोलू लागले म्हणजे त्याला ‘वाचा फुटली’ असे म्हणतात. अंकुर फुटतो, पान्हा फुटतो, तांबडे फुटते. त्याचप्रमाणे वाणीही आपल्या वेळेस आतून फुटते, असा विश्वास ह्या शब्दप्रयोगात गृहीत आहे. ज्या घरातील दोन वर्षांचे मूल अद्याप दोन शब्द जोडून बोलत नाही, त्या घरातील वडीलधारी माणसे ह्याच विश्वासावर आईची समजूत घालतात. ‘ह्याचा बापही तिसऱ्या वर्षीच बोलला’ हे वाक्य अशा वेळी हटकून ऐकावयास मिळते. आईचे समाधान मात्र होत नाही. ह्या दोहोंपैकी कोणाची बाजू खरी, हे भाषेच्या अभ्यासकाला विचारावे, तर त्याची मोठी पंचाईत होते. कारण दीर्घकाळपर्यंत ह्या शास्त्राच्या दप्तरात त्या मुलाची नोंदच नव्हती.

प्राचीन ग्रंथांत न बोलणारे मूल आढळते ते राजाज्ञेने. इजिप्तच्या सामेटिकस राजाने दोन अर्भके एका मेंढपाळाच्या स्वाधीन करून त्यांच्यापुढे कोणी शब्दही उच्चारू नये अशी आज्ञा केली, व दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून ‘बेकॉस’ हा शब्द निघाला, अशी कथा हेरोडोटसने दिली आहे. तो शब्द फ्रिजियन भाषेत भाकरीचा वाचक असल्यामुळे फ्रिजियन लोक सर्वांत प्राचीन ठरले! अकबराने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात केलेला प्रयोग ह्याहून क्रूर होता आणि अधिक बोधप्रदही. बदायुनीच्या वृत्तान्तानुसार सुमारे वीस तान्ही मुले एका एकान्तातील वास्तूत ठेवण्यात आली व त्यांच्या दायांना बोलण्याची मनाई होती. काही मुले दगावली. उरलेली तीनचार वर्षांनंतरही मुकी होती. लोकांनी त्या वास्तूला ‘गुंग महल’ हे नाव दिले. भाषा श्रवणातून येते, हा बादशहाचा तर्क बरोबर ठरला. परंतु ह्या दोन्ही कथांत मूल हे केवळ साधन आहे. चार माणसांच्या बोलत्या घरात वाढूनही जे बोलत नाही, त्या मुलाविषयी राजांना कुतूहल नव्हते.

त्याची चिंता घराने व वैद्याने वाहिली. आयुर्वेदाने मूक, मिन्मिन आणि गद्गद असे वाणीच्या विकारांचे भेद केले. बाळगुटीतील वेखंडाचे संस्कृत नाव ‘वचा’ असे आहे, व मुलाची वाचा सुधारावी म्हणून ते उगाळून मधातून चाटविण्याची रीत महाराष्ट्रात होती. ‘जीभ जड आहे’ हे निदानही सार्वत्रिक होते. युरोपात तर त्यापायी जिभेखालचा पडदा कापीत. त्या बंधामुळे एखादा वर्ण उच्चारताना अडचण येऊ शकते. शब्दच न येण्याचे कारण तो नव्हे, हे आता ज्ञात आहे. तथापि दोष मुलाच्या जिभेत शोधणारी ही जुनी दृष्टी पुढे आलेल्या एका दृष्टीपेक्षा निदान आईला तरी अधिक सुसह्य होती.

बालभाषेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तो पित्यांच्या दैनंदिन्यांतून. डीट्रिख टीडेमान ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७८१ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची निरीक्षणे १७८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर जवळजवळ शतकाने फ्रेंच विचारवंत इपोलित तेन ह्याने एका लहान मुलीच्या भाषार्जनावर लिहिलेला लेख ‘माइंड’ ह्या इंग्रजी नियतकालिकात अनुवादरूपाने आला. तो वाचून चार्ल्स डार्विनला आपली सदतीस वर्षांपूर्वीची टिपणे आठवली व १८७७ मध्ये त्याने ती त्याच नियतकालिकात छापली. ती निबंधिका आजही वाचनीय आहे. डार्विनच्या मुलाने बरोबर एक वर्षाचा असताना खाण्यासाठी ‘मम्’ असा शब्द स्वतःच बनविला. पुढे साखरेला तो ‘शू-मम्’ म्हणू लागला, आणि ‘काळा’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द शिकल्यावर ज्येष्ठमधाची काळी मिठाई त्याच्या बोलीत ‘ब्लॅक-शू-मम्’ झाली. विशेषण, सामान्यनाम व त्यातून साधलेला समास, एवढे सर्व व्याकरण ह्या एका शब्दात पाहावयास मिळते.

येना येथील शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर ह्याचा १८८२ चा ‘बालकाचे मन’ हा ग्रंथ ह्या परंपरेतील पहिला मोठा ग्रंथ होय. आपल्या मुलाचे निरीक्षण तो दिवसातून किमान तीन वेळा नियमाने करीत असे. मेंदूच्या आघातामुळे वाचा गेलेले प्रौढ रुग्ण आणि अद्याप वाचा न आलेले मूल ह्यांची त्याने तपशीलवार तुलना केली. एकाने जे गमावले ते दुसऱ्याने अजून मिळविलेले नाही, हे त्या तुलनेचे सूत्र होते. मुलाला समजते पुष्कळ पण बोलता येते थोडे, ह्या अंतराचा त्यात झालेला विचार आजही टिकून आहे, आणि न बोलणाऱ्या मुलाच्या परीक्षेत ‘त्याला समजते किती’ हा प्रश्न आरंभी विचारला जातो.

त्यानंतर क्लारा व विल्यम श्टेर्न ह्या दांपत्याचे नाव घ्यावे लागते. हिल्डे, ग्युंटर व एव्हा ह्या तीन अपत्यांविषयी इसवी सन १९०० पासून लिहिलेल्या टिपणांवर त्यांचा १९०७ चा ‘बालभाषा’ हा ग्रंथ उभा आहे. टिपणांचा मोठा भाग क्लाराच्या हातचा आहे आणि मुखपृष्ठावर तिचेही नाव आहे. बालभाषेच्या इतिहासात आईची साक्ष ग्रंथकर्त्रीच्या नात्याने येते ती येथे. ही गोष्ट त्या काळच्या विद्यापीठीय जगात लहान नव्हती.

तथापि ह्या सर्व ग्रंथांचा एक समान दोष आहे, आणि तो ग्रंथकारांच्या प्रामाणिकपणाचा नाही. दैनंदिनी लिहिणारा पालक विद्वान, घरात पुस्तके विपुल, आणि ज्याच्याविषयी लिहावयाचे ते मूल लिहिण्याजोगे काही बोलणारे. ज्या मुलाच्या नावे महिनोन्महिने ‘आज काही नाही’ एवढीच नोंद करावी लागेल, त्याची दैनंदिनी कोण चालविणार? चालविलीच, तर कोण छापणार? विसाव्या शतकातील संशोधकांनी ही निवड उघडपणे केली. रॉजर ब्राउन ह्याने १९६२ मध्ये हार्वर्ड येथे अॅडम, ईव्ह व सारा ह्या तीन मुलांचा सुप्रसिद्ध अभ्यास आरंभिला, तेव्हा सुमारे तीस मुलांतून त्यांची निवड करताना ती बोलकी असणे व त्यांचे बोलणे स्पष्ट समजणे ह्या अटी होत्या. ध्वनिमुद्रणावर काम करणाऱ्याला ह्या अटी रास्त वाटतील. परंतु १९७३ च्या ‘प्रथम भाषा’ ह्या त्याच्या ग्रंथातून भाषार्जनाचे टप्पे जगभर शिकविले गेले, आणि बोलक्या मुलांचा मार्ग हाच सर्व मुलांचा मार्ग समजला जाऊ लागला. वयाचे आकडे बदलू शकतात हे ब्राउनने स्वतः बजावले होते. वाचकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

न बोलणारे मूल ह्याच काळात दुसऱ्या दप्तरात नोंदले जात होते, ते म्हणजे रुग्णालयाच्या. लिओ कॅनर ह्याने बाल्टिमोर येथे १९४३ मध्ये अकरा मुलांचे वृत्तान्त प्रसिद्ध करून आत्ममग्नतेचे पहिले विस्तृत वर्णन केले. त्या अकरांपैकी आठ मुले बोलत होती व तीन मुकी होती. ही अवस्था जन्मजात असावी असे त्याने लिहिले; पण ह्या मुलांच्या आईबापांत उबदार माणसे थोडी, असाही शेरा मारला. पुढील पंचवीस वर्षे पहिले विधान मागे पडले आणि शेरा पुढे आला. ब्रूनो बेटलहाइमच्या १९६७ च्या ‘रिता किल्ला’ ह्या पुस्तकाने तर मुलाच्या मौनाचे खापर प्रायः आईच्या माथी फोडले. ह्या उपपत्तीला १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञाने आव्हान दिले होते. तो स्वतः अशा एका मुलाचा पिता होता, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. कॅनरने १९६९ मध्ये पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. परंतु शास्त्राने मागे घेतलेला आरोप घराघरांतून इतक्या लवकर मागे घेतला जात नाही. ‘तू त्याच्याशी बोलत नाहीस, म्हणून तो बोलत नाही’ हे वाक्य त्यानंतरही सुनांना ऐकावे लागले. शिवाय उशिरा बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांचा आत्ममग्नतेशी संबंधच नसतो; काहींना तर केवळ ऐकू कमी येत असते, म्हणून श्रवणाची तपासणी सर्वांत आधी करावयाची.

परिस्थिती पालटली ती एका साध्या उपायाने. मूल परक्या माणसासमोर बोलत नाही. मग आईलाच का विचारू नये? अमेरिकेतील लेस्ली रेस्कोर्ला हिने १९८९ मध्ये सुमारे तीनशे शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. आपले मूल जे शब्द बोलते त्यांवर आईने खूण करावयाची. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द पन्नासहून कमी असतील किंवा ते दोन शब्द जोडीत नसेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यावे, हा तिचा निकष पुढे रूढ झाला. आईची माहिती पक्षपाती असते हा जुना आक्षेप होता. परंतु ‘तो किती बोलतो’ असे न विचारता ‘ह्यांपैकी कोणते शब्द बोलतो’ असे विचारले, तर ती माहिती प्रत्यक्ष चाचणीशी चांगली जुळते, असे दिसून आले. ह्याच धर्तीच्या एका मोठ्या सूचीवर लॅरी फेन्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी १८०० हून अधिक मुलांची माहिती जमवून ती १९९४ मध्ये छापली. चोवीस महिन्यांच्या मुलाचा मध्यम शब्दसंग्रह सुमारे ३०० शब्दांचा निघाला. परंतु तळाच्या दशांश मुलांना ६० शब्दही येत नव्हते आणि वरच्या दशांश मुलांना ५०० हून अधिक येत होते. दैनंदिन्यांतील मुले ह्या विस्ताराच्या एका टोकाची होती, हे तेव्हा कळले.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील १७६६ मुलांच्या पाहणीचे जे निष्कर्ष स्टीफन झुब्रिक व त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले, त्यांत दोन वर्षांच्या वयात भाषा विलंबाने उमटलेल्या मुलांचे प्रमाण १३.४ टक्के होते. मुलींच्या मानाने मुलग्यांत हा धोका जवळजवळ तिप्पट, आणि घराण्यात कोणी उशिरा बोललेले असल्यास सुमारे दुप्पट आढळला. आजीच्या वाक्यातील बाप असा शास्त्रात आला. आईचे शिक्षण, तिचे मनःस्वास्थ्य किंवा मुलांना वाढविण्याची तिची पद्धत ह्यांचा मात्र विलंबाशी संबंध दिसला नाही. बेटलहाइमच्या पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय.

मग आजीचे आश्वासनही खरे मानावे काय? त्याच्या समर्थनार्थ बहुधा आइन्स्टाइनचा दाखला दिला जातो. थॉमस सोवेल ह्याने २००१ च्या आपल्या पुस्तकात विलंबाने बोलणाऱ्या बुद्धिमान मुलांच्या लक्षणसमूहाला आइन्स्टाइनचेच नाव दिले. हा दाखला तपासून घेणे इष्ट. मूल बोलेल की नाही ह्याची घरच्यांना धास्ती वाटत होती, असे आइन्स्टाइनच्या बहिणीने लिहून ठेवले आहे; तो स्वतःही आईवडिलांनी वैद्याचा सल्ला घेतल्याचे सांगे. उलट दोन वर्षांच्या ह्या नातवाच्या गमतीदार कल्पनांचे कौतुक आजीच्या पत्रात आहे. आणि अडीच वर्षांचा असताना नव्या बहिणीला पाहून ‘हिची चाके कोठे आहेत’ असे त्याने विचारल्याची आठवण बहिणीनेच सांगितली आहे. वाक्ये आधी स्वतःशी पुटपुटण्याची त्याची सवय सातव्या वर्षापर्यंत टिकली. तेव्हा येथे विलंब होता की सावधपणा, हा प्रश्न राहतोच. शिवाय एका आइन्स्टाइनवरून इतर मुलांविषयी काही सिद्ध होत नाही.

रेस्कोर्लाने आपल्या गटातील मुलांचा मागोवा सतराव्या वर्षापर्यंत घेतला. तिने २००९ मध्ये दिलेल्या वृत्तान्तानुसार त्यांची भाषा सर्वसाधारण मर्यादेत आली होती. तरी शब्दसंग्रह, व्याकरण व शाब्दिक स्मृती ह्यांत ती समान परिस्थितीतील सोबत्यांच्या किंचित मागेच राहिली. ही अशी मुले होती की ज्यांची समज व बुद्धी आरंभापासून चांगली होती. जी मुले समजण्यातही मागे असतात त्यांच्याविषयी एवढे आश्वासन देता येत नाही. आणि दोन वर्षांच्या कोणत्याही एका मुलाकडे पाहून ते पुढे सोबत्यांना गाठील की नाही, हे खात्रीने सांगण्याचे साधन अद्याप उपलब्ध नाही. आजीचा धीर आणि आईची चिंता ह्या दोहोंनाही त्यामुळे आधार उरतो.

मराठी कुटुंबांना ह्या इतिहासाचे आणखी एक प्रकरण जवळचे वाटेल. मूल उशिरा बोलू लागले की दोन भाषांवर ठपका ठेवण्याची रीत जुनी आहे, आणि परदेशी स्थायिक झालेल्या घरांना ‘घरात मराठी बोलणे थांबवा’ असा सल्ला त्यातूनच मिळत आला. जूल रोंजा ह्याने १९१३ मध्ये आपल्या फ्रेंच-जर्मन बोलणाऱ्या मुलाचे, व वेर्नर लिओपोल्ड ह्याने १९३९ ते १९४९ ह्या काळात चार खंडांत आपल्या जर्मन-इंग्रजी बोलणाऱ्या मुलीचे वृत्तान्त देऊन ही भीती निराधार असल्याचे दाखविले होते. पण तीही पुन्हा विद्वानांचीच मुले. पुढे १९९३ मध्ये बार्बरा पिअर्सन व तिच्या सहकाऱ्यांनी मायामी येथील स्पॅनिश-इंग्रजी घरांतील मुलांच्या याद्या तपासल्या. एकाच भाषेचे शब्द मोजले तर ह्या मुलांचा संग्रह अपुरा भासे. दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरले, की तो एकभाषी मुलांच्या बरोबरीने भरे. ‘भूभू’, ‘मंमं’, ‘दुदू’ हे घरगुती शब्दही, ते एकाच अर्थाने वारंवार येत असल्यास, अशा यादीत शब्द म्हणूनच धरावयाचे असतात. डार्विनच्या मुलाचा ‘मम्’ही त्यात बसला असता.